दुसऱ्या जोडीचा खटका

मोजणीच्या पेटीवरच्या त्या खटक्यावर एक कागद चिकटवलेला होता. ‘हात लावू नये.’ खाली सही नव्हती. पण अक्षर घुम्याचं आहे हे प्रयोगशाळेत सगळ्यांना कळत होतं, कारण इतकं बारीक आणि इतकं अंग चोरून लिहिणारा तिथं दुसरा कुणी नव्हता.

घुम्या हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. लहानपणी ताईनं ते ठेवलं. घरातून ते शाळेत गेलं, शाळेतून कॉलेजात, आणि पुढं भाऊ-बहीण दोघंही एकाच संस्थेत पदार्थविज्ञानाच्या संशोधनाला लागली तेव्हा तेही मागोमाग आलं. आता डोक्यावरचे केस पिकले तरी पाठीमागे सगळे त्याला घुम्याच म्हणत. तोंडावर म्हणायचा हक्क तेवढा ताईनं स्वतःकडे राखून ठेवला होता.

दोघांची कामं वाटलेली होती. ताई पापुद्रे काढायची. एका चकचकीत स्फटिकाला चिकटपट्टी लावायची आणि ओढायची. पट्टीवर जो पापुद्रा येईल त्याला पुन्हा पट्टी, पुन्हा ओढ. असं करत करत कधीतरी, नशीब चांगलं असेल तर, एका थराचा पापुद्रा हाती लागतो. त्याला लांबी असते, रुंदी असते, जाडी म्हणावी असं जवळजवळ काही नसतं. तो सूक्ष्मदर्शकाखाली उचलायचा आणि एका चकतीवर आधीच आखून ठेवलेल्या सोन्याच्या सहा रेघांवर अलगद टेकवायचा. ह्या सहा रेघांना ती दोघं ‘पाय’ म्हणत. ताईचा हात ह्या कामात असा बसलेला होता की लांबलांबची माणसं तिला विचारायला येत, आणि ती सांगायची, “काही नाही हो, श्वास सोडताना ठेवायचं, घेताना नाही.” ऐकणाऱ्याला वाटे, बाई खरी युक्ती लपवते आहे.

पुढचं काम घुम्याचं. चकती एका लांब दांड्याच्या टोकाला बसवून द्रवरूप हेलियमच्या खोल पात्रात सोडायची आणि ती थंड होत जाईल तशी तिच्यातून वीज कशी वाहते ते मोजत राहायचं. त्या पात्राला ते विहीर म्हणत. घुम्याला विहिरीजवळ बसायला आवडे. तिथं कुणी बोलत नसे.

ह्या वेळी विहिरीत शून्य सापडलं होतं.

साध्या तारेतून वीज जाते तेव्हा तिचे कण धडपडत, ठेचकाळत जातात. त्या ठेचकाळण्याला रोध म्हणतात. काही पदार्थ खूप थंड केले की हे कण जोड्या जुळवतात, आणि सगळ्या जोड्या एका पावलानं चालू लागतात. मग ठेच लागतच नाही. रोध शून्य होतो. ही झाली अतिवाहकता. जाड तुकड्यात जोड्या जुळणं आणि पाऊल जुळणं ह्या दोन्ही गोष्टी एकदमच होतात. एका थरात तसं होत नाही. तिथं वर-खाली शेजारी नाहीत, जे काही आहे ते आजूबाजूला. मध्येच कुठं एखादा बारीकसा भोवरा फिरला तरी आसपासच्यांचं पाऊल चुकतं. म्हणून आधी जोड्या जुळतात, रोध घसरू लागतो, आणि मग बराच वेळ नुसती ओढाताण चालते. आणखी थंड केलं की उलटसुलट फिरणारे भोवरे एकमेकांना धरून गप्प बसतात, आणि तेव्हा कुठं शून्य येतं. आलेखावर ह्या ओढाताणीची एक लांब, रेंगाळणारी रेघ दिसते. तिला ते शेपूट म्हणत.

घुम्याच्या आलेखाला शेपूट नव्हतं. रोध चालला होता तसा चालला, आणि एका जागी दगड पडावा तसा खाली पडला.

पहिल्या दिवशी हे त्याच्या ध्यानात आलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानंही वाजवल्या. संध्याकाळी डबा आवरताना ध्यानात आलं, आणि डबा तसाच ठेवून तो पुन्हा पडद्यासमोर जाऊन बसला.

सहा पायांपैकी टोकाच्या दोन पायांतून वीज सोडतात आणि मधल्या चारांपैकी एका कडेच्या दोन पायांत तिचा जोर किती कमी झाला ते बघतात. काहीच कमी झाला नाही तर शून्य. पण समजा थंडीनं आकसताना पापुद्र्याला चीर गेली, त्याच्या कडेची एक चिंधी बाजूला सुटली, आणि मोजायचे दोन्ही पाय नेमके त्या चिंधीखाली राहिले, तर वीज दुसरीकडून निघून जाते. चिंधीतून काहीच वाहत नाही, म्हणून तिथंही शून्यच येतं. वाट मोकळी असली तरी शून्य आणि वाटेवर कुणी चालतच नसलं तरी शून्य. मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखीच.

ह्यातलं खरं कोणतं हे कळायला फार काही करावं लागत नाही. पेटीवरचा खटका फिरवायचा, पलीकडच्या कडेच्या पायांची दुसरी जोडी लावायची आणि पुन्हा बघायचं. शून्य खरं असेल तर तिथंही शून्यच येईल.

घुम्यानं खटका फिरवला नाही. त्यावर कागद चिकटवला.

स्वतःला सांगायला त्याच्याकडे कारण होतं आणि ते खोटंही नव्हतं. पापुद्रा इतका नाजूक की खटका फिरवताना अंगातली, कपड्यातली साधी वीज जरी त्याच्यातून गेली तरी तो जळून जातो. पूर्वी असे पापुद्रे गेलेले होते. ‘एकुलता एक नमुना आहे, जोखीम कशाला?’ असं तो मनात म्हणे, आणि म्हणता म्हणता दुसरंच काहीतरी टाळतो आहोत हेही त्याला कळे. वर्षभरापासून ताईचा उजवा हात थरथरत होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, आणि तो बरा होणारा नाही हेही सांगितलं होतं. महिन्याभरापासून ती प्रयोगशाळेत यायची बंद झाली होती. जाण्यापूर्वी तिनं कसाबसा बसवलेला हाच तो पापुद्रा. ह्यानंतरचा नव्हताच.

एके सकाळी साहेब, म्हणजे संस्थेचे संचालक, हात चोळत विहिरीपाशी आले.

“काय हो, हसा की जरा. शून्य आलंय, शून्य. मला शाळेत आलं होतं तेव्हा वडिलांनी दोन दिवस बोलणं टाकलं होतं. इथं बघा, लोक अभिनंदनाचे फोन करतायत.”

घुम्या हसला. हसण्यासारखं काहीतरी केलं.

“सोमवारी पाहुणे येतील. ताईंना व्यासपीठावर बसवायचं आहे, मधल्या खुर्चीत. बाईंनी आयुष्य घातलं हो ह्यात. निदान शेवटी शेवटी...” साहेब घुटमळले. “म्हणजे, निवृत्त होताना. काही राहिलंय का तपासायचं?”

“तसं काही नाही,” घुम्या म्हणाला.

“तसं नाही, मग कसं आहे?”

“नाही. काही नाही.”

“मग झालं तर,” म्हणून साहेब गेले. घुम्याला वाटलं, त्यांनी आणखी एकदा विचारलं असतं तर आपण सांगितलं असतं. पण ते किती खरं होतं कुणास ठाऊक.

संध्याकाळी ताईकडे जेवायला जायचं होतं. दाजींनीच बोलावलं होतं. दाजी दातांचे डॉक्टर. दिवसभर समोरच्या माणसाचं तोंड उघडं असूनही त्याला बोलता येत नाही, त्यामुळं बोलायचं काम आपल्यालाच करावं लागतं, ही सवय त्यांना घरीही लागलेली होती.

“मी इतकी वर्षं बघतोय,” दाजी ताटं मांडता मांडता म्हणाले, “लोकांच्या बायका कामावरून येताना काहीतरी आणतात. भाजी आणतात, फुलं आणतात. ही सकाळी चिकटपट्टी घेऊन जाते आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं येते.”

“आणलं असतं तरी तुम्हाला दिसलं असतं का?” ताई म्हणाली.

“ते मात्र खरं. पण आता बघ, माझे पेशंटसुद्धा विचारतात. परवा एकाची दाढ काढली, तोंडात कापूस, आणि म्हणतो, ‘बाइडचं अभिडंडन.’”

ताई हसली. घुम्याही हसला, पण त्याचं लक्ष दाजींच्या हातांकडे होतं. जेवण झाल्यावर दाजींनी चहा आणला, दोन कप काठोकाठ आणि ताईचा अर्धाच. तिनं तो दोन्ही हातांत धरला. अर्धा कप ही त्या घरातली नवी रीत होती आणि तिच्याबद्दल न बोलणं हीसुद्धा.

“घुम्या,” ताई सहज विचारावं तसं म्हणाली, “शेपूट किती लांब आलं रे?”

चहा गरम होता. घुम्यानं तो घाईनं प्याला.

“आलं. बरं आलं.”

“बरं म्हणजे?”

“म्हणजे... एका थराला येतं तेवढं.”

“कुणाचं शेपूट?” दाजी म्हणाले. “मांजर पाळलंय की काय तिथं? मला कुणी सांगितलं नाही ते.”

“अहो, तुम्ही गप्प बसा जरा,” ताई म्हणाली. ती घुम्याकडे बघत होती. घुम्या कपाच्या बुडाकडे बघत होता. “बरं,” ती म्हणाली, आणि तो विषय तिथंच राहिला.

निघताना दाजी दारापर्यंत आले आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, “बरं झालं बाबा हे. रात्र रात्र झोपत नव्हती. आता निदान म्हणते, एक तरी नीट झालं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी घुम्या विहिरीपाशी बसला होता तेव्हा दार उघडलं आणि ताई आत आली. एकटीच. उजवा हात कोटाच्या खिशात. तिनं इकडेतिकडे बघितलं, आपलं जुनं स्टूल ओढलं, आणि पेटीसमोर बसून तो कागद वाचला.

“हे अक्षर तुझं.”

“हो.”

“आणि पट्टी माझी. ह्या पट्टीचा डिंक मागं राहत नाही, म्हणून ती कुठून कुठून मागवायची मी, आणि तू कागद चिकटवतोस तिनं.”

घुम्यानं आपली खुर्ची थोडी मागं सरकवली.

“आलेख दाखव.”

त्यानं दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. पडद्याचा निळसर उजेड तिच्या चष्म्यावर पडला होता, त्यामुळं डोळे दिसत नव्हते.

“काल शेपूट आहे म्हणालास.”

“ताई...”

“हे शेपूट आहे का? हा कडा आहे. माणूस ढकलून द्यावा असा.”

“नमुना फार चांगला असेल,” घुम्या म्हणाला. “होऊ शकतं तसं. भोवरे कमी, पाऊल लवकर जुळलं. शेवटी तू बसवलेला आहे. तुझा हात...”

“माझा हात,” ताई म्हणाली. तिनं तो खिशातून काढला आणि दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला. तो थांबेना. बोटातली अंगठी पत्र्यावर टकटक वाजत राहिली. “बघ. ह्या हातानं बसवलाय. ठेवताना हिसका बसला. अगदी टेकता टेकता. मी बघितलं, चीर दिसली नाही. दिसली नाही म्हणून तुला सांगितलं नाही. म्हटलं, असेल तर तुला सापडेलच. मग तू फोन केलास, शून्य आलं म्हणून. मला वाटलं, ह्यानं सगळं बघितलं असणार. हा बोलत नाही, पण बघतो.”

“बघणार होतो.”

“कधी? सोमवारनंतर?”

विहिरीचा पंप मागं एकसुरी चालू होता.

“मला वाटलं,” शेवटी तो म्हणाला, “तुझं शेवटचं आहे. ते तरी...”

“कुणी सांगितलं तुला शेवटचं आहे?”

कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. साहेबांनी मधली खुर्ची राखताना, दाजींनी अर्धा कप भरताना आणि त्यानं स्वतः कागद चिकटवताना ते ठरवून टाकलं होतं. विचारलं तेवढं तिला नव्हतं.

“म्हणजे तू मला भेट दिलीस म्हणायची,” ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्याचंच घुम्याला जास्त लागलं. “एक खोटं शून्य. ते घेऊन मी घरी बसायचं. आणि कुठंतरी कुणीतरी माझं बघून तसाच नमुना करत बसणार, त्याला शून्य येणार नाही, आणि तो म्हणणार, आपलाच हात वाईट.”

घुम्यानं कागदाकडे हात नेला.

“स्वेटर काढ,” ताई म्हणाली.

“काय?”

“लोकर आहे ती. अंगात वीज भरून खटक्याला हात लावणार आहेस का? काढ. मनगटाला तार बांध. आधी सहाही पाय जमिनीला जोड. मी सांगायचं का हे तुला?”

त्यानं स्वेटर काढला. जमिनीला जोडलेली तार मनगटाला बांधली, लोखंडी टेबलाला हात लावला. सहाही पाय एकेक करून जमिनीला जोडले. मग कागदाचं एक टोक नखानं उचललं आणि ओढला. डिंक खरोखरच मागं राहिला नाही. त्यानं श्वास सोडला, सोडता सोडता खटका फिरवला आणि सोन्याचे पाय जमिनीच्या तारेपासून एकेक मोकळे केले.

पापुद्रा जळला नाही. आकडा आला, आणि तो शून्य नव्हता. शून्याच्या जवळपासही नव्हता.

दोघंही त्या आकड्याकडे बघत राहिली. घुम्याला वाटलं होतं, हे कळलं की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही.

“वर घे दांडा,” ताई म्हणाली. “ऊब येऊ दे त्याला. मग ह्याच जोडीनं पुन्हा खाली सोड, सावकाश. वाटेत काय दिसतं बघू.”

दुपार त्यातच गेली. नमुना थंड होत जाताना पडद्यावर ठिपके एकामागून एक उमटत होते, आधी आडवे, कंटाळवाणे. ताई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. मग ठिपके किंचित खाली वाकले. घुम्यानं तिला हाक मारली नाही, तरी तिनं डोळे उघडले. रेघ वाकत, रेंगाळत, नको नको म्हणत खाली चालली होती. चांगलं लांब शेपूट होतं ते. पण ते शून्यापर्यंत गेलं नाही. विहिरीत जेवढं थंड करता येत होतं तेवढं केलं, तरी खाली थोडं अंतर ठेवून ते आडवं झालं आणि तसंच राहिलं.

“जोड्या जुळल्यात,” ताई पुटपुटली.

“दिसतं तसं. चुंबक लावून बघायला हवं. त्यानं जोड्या मोडतात. मोडून हे वाकण नाहीसं झालं तरच म्हणता येईल.”

“पाऊल मात्र जुळलं नाही.”

“चिरेमुळं असेल. किंवा मुळातच जुळत नसेल एका थरात. हे ह्या नमुन्यावरून कळायचं नाही.”

“नाही कळायचं,” ताई म्हणाली. अंगठी पुन्हा पत्र्यावर वाजायला लागली तसा तिनं हात खिशात घातला.

दोघं साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, आणि पुसलेलाच पुन्हा पुसला.

“म्हणजे शून्य नाही.”

“नाही.”

“जवळजवळ तरी?”

“जवळजवळ शून्य असं काही नसतं, साहेब,” ताई म्हणाली.

“अहो, पण मी सगळ्यांना कळवून बसलोय. पाहुणे निघाले असतील. काय तोंड दाखवू मी त्यांना?”

“चूक माझी आहे,” घुम्या म्हणाला. “मला शंका आली होती. तुम्ही विचारलंत तेव्हाही होती. मी बघितलं नाही आणि दुसऱ्यांनीही बघू नये म्हणून कागद लावला. पाहुण्यांना मी सांगेन.”

त्या खोलीत तो सलग इतकं पूर्वी कधी बोलला नव्हता. साहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की रागवावं की नवल करावं हे त्यांना ठरवता येत नसावं.

“आणि पुढं?” ते ताईकडे वळले. “ताई, दुसरा एखादा नमुना तुम्ही...” बोलता बोलता त्यांची नजर तिच्या खिशाकडे गेली आणि ते थांबले. खिशाचं कापड हलत होतं.

“मी नाही,” ताई म्हणाली. “हा बसवेल.”

“हे?” साहेब म्हणाले.

“मी?” घुम्या म्हणाला.

“हात स्थिर आहे त्याचा. धसमुसळा आहे, पण स्थिर आहे. बाकीचं मी बघेन.”

साहेबांनी पाहुण्यांना कळवायला फोन उचलला, आणि ती दोघं बाहेर पडेपर्यंत तो नुसताच हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी घुम्या सूक्ष्मदर्शकाशी बसला. ताईच्या खुर्चीत त्याचे गुडघे मावत नव्हते. पहिला पापुद्रा त्यानं उचलता उचलताच फाडला. दुसरा दुमडला, ओल्या कागदासारखा, आणि उलगडेना. ताई पाठीमागे बसून पडद्यावर बघत होती. ती रागवत नव्हती, आणि घुम्याला ते रागवण्याहून अवघड जात होतं. लहानपणी ती त्याला पतंगाची गाठ शिकवायची तेव्हा टपल्या मारायची.

तिसरा जरा बरा निघाला. तो हळूहळू खाली, सोन्याच्या रेघांकडे येऊ लागला तशी ताई पुढं सरकली आणि तिनं नकळत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पडद्यावर पापुद्रा थरथरू लागला.

घुम्यानं पापुद्रा खाली सोडायचं चाक हातातून सोडलं नाही. हे बोलायचं नाही, दुसरं काहीतरी कारण सांगावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. ते ओठांपर्यंतही आलं होतं.

“ताई,” तो म्हणाला, “हात काढ.”

“का?”

“थरथर खाली येते आहे.”

तिनं हात काढला. तो दोन गुडघ्यांच्या मध्ये धरला आणि दुसऱ्या हातानं दाबून ठेवला.

“आता?”

“आता थांबलं.”

पडद्यावर पापुद्रा स्थिर झाला होता. त्याची कड पहिल्या रेघेच्या अगदी वर होती, टेकायला जेमतेम अंतर राहिलेलं. घुम्यानं श्वास भरून घेतला.

“अजून नको,” ताई मागून म्हणाली. “आधी तो श्वास सोड.”